सारवलेल्या अंगणापासून शोभिवंत काँक्रीटपर्यंत : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील अंगणाचा इतिहास

प्रस्तावना

घराचा इतिहास अभ्यासताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने भिंती, छप्पर, खांब-तुळया आणि दर्शनी भाग यांकडे वेधले जाते. पायाखालची जमीन मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. वास्तविक, दारापुढचे अंगण हा घर आणि गाव यांना जोडणारा दुवा होय. सडा-रांगोळी, तुळशीवृंदावन, धान्य व मासळीचे वाळवण, हळदीचा मांडव, मुलांचे खेळ आणि वडीलधाऱ्यांची संध्याकाळची बैठक या सर्वांचे स्थान अंगणच होते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरात गेल्या दीडशे वर्षांत या अंगणाचे स्वरूप आमूलाग्र बदलले. शेणाने सारवलेली जमीन, चुन्याचा कोबा, शहाबादी फरशी, सिमेंटचा कोबा, पेव्हर ब्लॉक आणि अखेरीस ठसे उमटवलेले रंगीत काँक्रीट असा हा प्रवास आहे.

हा प्रवास केवळ बदलत्या अभिरुचीचा आहे असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात मात्र वेगळी मांडणी केली आहे. अंगणाच्या पृष्ठभागाची निवड शोभेपेक्षा तीन गोष्टींनी ठरवली : साहित्याचा पुरवठा, दुरुस्तीची सोय आणि पावसाचे पाणी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा विचार प्रत्येक पिढीने आपापल्या परीने केला. तिसरीचा विचार मात्र क्रमाक्रमाने मागे पडत गेला आणि त्याची किंमत आज सामूहिक रीतीने मोजावी लागत आहे.

उद्दिष्टे

१. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील अंगणाच्या पृष्ठभागात झालेल्या स्थित्यंतरांचा मागोवा घेणे.
२. या स्थित्यंतरांमागील आर्थिक, तांत्रिक व सामाजिक कारणांचा शोध घेणे.
३. शोभिवंत काँक्रीटच्या आजच्या प्रकारांचे ऐतिहासिक दृष्टीने मूल्यमापन करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला असून घराबाहेरील अंगण, गाडीवाट आणि सोसायटीचे सामाईक आवार एवढ्यापुरतीच त्याची व्याप्ती मर्यादित ठेवली आहे.

सारवलेले अंगण : दरवर्षी नव्याने घडणारी जमीन

उत्तर कोकणातील पारंपरिक अंगण ही एकदा बांधून पूर्ण होणारी वस्तू नव्हती. पावसाळ्यात ते उखडत असे, त्यावर गवत माजत असे. पाऊस ओसरला की गवत काढून जमीन खणली जाई, मुरूम व माती पसरून पाणी शिंपडले जाई, धुम्मसाने ती ठोकली जाई आणि लाकडी चोपण्याने चोपून सपाट केली जाई. त्यानंतर शेण-मातीचा काला करून सारवण होई. पुढे आठवड्याला किंवा सणावाराला सारवण चालूच राही. या पृष्ठभागाचे टिकाऊपण त्याच्या कठीणपणात नव्हते, तर ते पुन्हापुन्हा करता येण्यात होते.

या अंगणाची दोन वैशिष्ट्ये पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे, त्याला पैसा लागत नसला तरी श्रम लागत आणि ते श्रम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे होते. दुसरे म्हणजे, मातीची जमीन पावसाचे काही पाणी आपल्यात मुरवून घेत असे. घराशेजारची विहीर आणि अंगण यांचे नाते या मुरणाऱ्या पाण्यातून निर्माण झाले होते. शोभेचे काम रांगोळी करी. शिरगोळ्याची पांढरी पूड शेणाच्या हिरवट-तपकिरी पार्श्वभूमीवर उठून दिसे. म्हणजेच पृष्ठभाग साधा आणि अलंकार रोजचा, तात्पुरता, असा हा विवेक होता.

वाडे, मंदिरे आणि सधन घरांच्या ओट्यांवर चुन्याचा कोबा केला जाई. विटांचे तुकडे व घाणीत मळलेला चुना यांचा थर पसरून तो थाप्यांनी दिवसेंदिवस चोपला जाई. चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांसारखे पदार्थ मिसळण्याची रीत होती. कोबा हा शब्द आज सिमेंटच्या जमिनीसाठी वापरला जातो, तो मुळात या चोपलेल्या थराचा वारस आहे.

रेल्वे आणि शहाबादी फरशी

दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. कल्याणला मार्ग दुभंगून एक फाटा थळ घाटाकडे तर दुसरा बोरघाटाकडे गेला. बोरघाटातून पुण्याकडे जाणारा हा मार्ग सोलापूरमार्गे १८७१ मध्ये रायचूरला जाऊन भिडला. याच मार्गावर शहाबाद हे गाव आहे. तेथील चुनखडीचा दगड थराथराने सुटतो आणि फारसे न घडवता त्याच्या फरश्या निघतात. ठाणे परिसरातील काळा पाषाण याउलट अतिशय कठीण. तो जोत्याला, पायऱ्यांना आणि विहिरीच्या बांधकामाला उत्तम, परंतु पातळ फरशी काढण्यास महाग. दूरचा मऊ दगड जवळच्या कठीण दगडापेक्षा सोयीचा ठरला तो रेल्वेमुळे.

शहाबादी फरशीने अंगणाला प्रथमच कायमस्वरूपी, धुता येण्याजोगा पृष्ठभाग दिला. तरीही ती मुरुमाच्या किंवा चुन्याच्या थरावर मांडली जाई, सांध्यांतून पाणी झिरपे, आणि एखादी फरशी तडकली तर तेवढीच उचलून बदलता येई. दुरुस्तीची ही सोय लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे शंभर वर्षांनी पेव्हर ब्लॉकच्या रूपाने तीच सोय परत आली.

सिमेंटचे आगमन आणि रंगीत जमिनीची हौस

इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात १९०४ मध्ये मद्रास येथे झालेला उत्पादनाचा प्रयत्न टिकला नाही, मात्र १९१४ मध्ये पोरबंदर येथे सुरू झालेला कारखाना यशस्वी ठरला. १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आणि इंडियन काँक्रीट जर्नल हे नियतकालिक सुरू झाले, तर १९३६ मध्ये अनेक कंपन्यांच्या एकत्रीकरणातून एसीसीची स्थापना झाली. या एकत्रीकरणात शहाबादची सिमेंट कंपनीही होती. ज्या चुनखडीच्या फरश्या अंगणात बसत होत्या, तीच चुनखडी आता भट्टीत भाजून सिमेंटच्या रूपाने येऊ लागली, हा योगायोग बोलका आहे.

याच काळात शोभिवंत सिमेंटची गोडी निर्माण झाली. १९२२ मध्ये फेरोजशा व रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि उरणला कारखाना उभारला. परदेशी टाइल्सना पर्याय म्हणून काढलेल्या या रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स सुस्थित घरांच्या दिवाणखान्यांत आणि ओट्यांवर पोहोचल्या. पुण्याचे स्थापत्य-लेखक र. श्री. देशपांडे यांनी १९३० च्या दशकात मध्यमवर्गीयांच्या घरबांधणीवर मराठी व इंग्रजीत ग्रंथ लिहिले. मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया हा त्यांचा ग्रंथ १९३९ चा. घर आणि त्याची जमीन हा आता शास्त्रशुद्ध नियोजनाचा विषय बनला होता.

सामान्यांच्या अंगणात मात्र नक्षीची टाइल नव्हे, तर कोबाच आला. गवंडी ज्याला आयपीएस किंवा पेटंट स्टोन म्हणतात, त्यात एक भाग सिमेंट, दोन भाग रेती व चार भाग खडी यांचा साधारण दीड इंची थर चौकोनांत ओतून रंध्याने सपाट केला जातो आणि वर सिमेंटची घोटाई केली जाते. घोटाईच्या थरात लोहभस्माचा लाल रंग मिसळला की गुळगुळीत, चकचकीत लाल जमीन तयार होते. रंगाचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या दशांशाहून अधिक गेले की थर दुबळा होतो. म्हणून चांगला कारागीर रंगाचा मोह आवरत असे. लाल जमीन घराच्या आत आणि ओट्यावर राहिली. उघड्या अंगणात मात्र घोटाई पावसात निसरडी ठरत असल्याने तेथे ओल्या सिमेंटवर दोरीचे वा रुळाचे ठसे उमटवून चौकड्या पाडण्याची पद्धत रुळली. ठसे उमटवलेल्या काँक्रीटचा हा देशी, अनामिक पूर्वज होय. त्यातील अलंकार पाय घसरू नये या गरजेतून जन्मला होता.

या कोब्याने स्त्रियांची सारवणाच्या कष्टांतून सुटका केली, हे नि:संशय मान्य केले पाहिजे. सारवलेल्या अंगणाविषयीचा स्मरणरंजनात्मक सूर बहुधा ते कष्ट स्वतः न केलेल्यांचा असतो.

टंचाईचा काळ आणि नियंत्रणमुक्ती

स्वातंत्र्योत्तर काळात सिमेंटच्या किमतीवर व वितरणावर दीर्घकाळ सरकारी नियंत्रण होते. ठाण्यातील वागळे इस्टेट ही १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत. डोंबिवलीतही १९६० च्या दशकात वसाहत उभी राहिली. कामगार व नोकरदार वर्ग वाढला, घरांची मागणी वाढली, परंतु सिमेंट परवान्यावरच मिळे. या वाटपाच्या प्रश्नाने महाराष्ट्राचे राजकारणही ढवळून निघाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले, त्या प्रकरणाच्या मुळाशी सिमेंटचे वाटपच होते. जेथे स्लॅबला सिमेंट मिळण्याची भ्रांत, तेथे अंगणाच्या शोभेसाठी ते कोण खर्ची घालणार? त्यामुळे १९७० च्या दशकातील अनेक इमारतींची आवारे मुरुमाची, फार तर शहाबादीचे तुकडे बसवलेली राहिली.

दि. २८ फेब्रुवारी १९८२ रोजी सिमेंट अंशतः आणि १ मार्च १९८९ रोजी पूर्णतः नियंत्रणमुक्त झाले. याच सुमारास, १९८२ मध्ये ठाणे आणि १९८३ मध्ये कल्याण येथे महानगरपालिका अस्तित्वात आल्या. शोभिवंत काँक्रीटसाठी लागणारे पांढरे सिमेंटही देशात विपुल होऊ लागले. राजस्थानात गोटन येथे १९८४ मध्ये आणि खारिया खंगार येथे १९८८ मध्ये मोठे कारखाने सुरू झाले. १९९० च्या दशकात मुंबई महानगर प्रदेशात तयार काँक्रीट, म्हणजेच आरएमसी, व्यापारी तत्त्वावर मिळू लागले. ठाणे शहर या ज्ञानव्यवहाराचे केंद्रही होते. एसीसीचे संशोधन केंद्र येथे लालबहादूर शास्त्री मार्गावर होते आणि इंडियन काँक्रीट जर्नल कित्येक वर्षे तेथूनच प्रसिद्ध होत असे.

अंगणाचे आवार झाले

तांत्रिक बदलाइतकाच महत्त्वाचा बदल मालकीचा होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि सदनिकांविषयीचा १९६३ चा अधिनियम यांच्या चौकटीत घर सदनिकेत गेले आणि अंगण सोसायटीच्या सामाईक आवारात विलीन झाले. २००१ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १२.६ लाख, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे ११.९ लाख होती. २०११ मध्ये हे आकडे अनुक्रमे सुमारे १८.४ लाख व १२.५ लाख झाले. मोटारींची संख्या वाढली तसे आवार हे प्रामुख्याने गाडीतळ बनले. अंगणाला माणसांचे वजन पेलावे लागे, आवाराला गाड्यांचे, पाण्याच्या टँकरचे आणि अग्निशामक बंबाचे वजन पेलावे लागते.

या नव्या गरजेला तीन उत्तरे मिळाली. पहिले ट्रिमिक्स. ओतलेल्या काँक्रीटमधील जादा पाणी निर्वात पंपाने खेचून जमीन कठीण करण्याची ही पद्धत कारखाने व गोदामांतून सोसायट्यांच्या आवारात आली.

दुसरे उत्तर पेव्हर ब्लॉकचे. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये विटांच्या टंचाईमुळे काँक्रीटच्या ठोकळ्यांचे रस्ते झाले आणि १९६० च्या दशकात जर्मनीत एकमेकांत गुंतणारे आकार विकसित झाले. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने २००४ मध्ये त्यासंबंधी मार्गदर्शिका काढली आणि २००६ मध्ये आयएस १५६५८ हे मानक आले. त्यानुसार केवळ पायी वापरासाठी ५० मि.मी. जाडीचा एम-३०, हलक्या वाहतुकीसाठी ६० मि.मी. जाडीचा एम-३५ आणि मध्यम वाहतुकीसाठी ८० मि.मी. जाडीचा एम-४० प्रतीचा ठोकळा अपेक्षित होता. अनेक ठिकाणी पेव्हर बसतात, डगमगतात वा फुटतात ते रंग किंवा आकार वाईट असल्याने नव्हे. पायी वाटेच्या जाडीचा ठोकळा गाडीवाटेवर घातला जातो आणि खालचा भराव नीट दाबला जात नाही, म्हणून तसे होते.

तिसरे उत्तर ठसे उमटवलेल्या काँक्रीटचे. अमेरिकेत लिन मेसन स्कोफिल्ड यांच्या कंपनीने १९१५ पासून काँक्रीटच्या रंगांचा व्यवसाय केला, तर कॅलिफोर्नियातील ब्रॅड बोमन यांनी १९५० च्या दशकात ओल्या काँक्रीटवर दगडा-विटांचे ठसे उमटवण्याचे तंत्र विकसित केले. यात ताज्या काँक्रीटवर रंगीत कठीणक भुकटी पसरून घोटतात, साचा चिकटू नये म्हणून दुसरी भुकटी टाकतात, मग रबरासारख्या लवचीक साच्यांनी दगडाचा पोत उमटवून शेवटी पारदर्शक लेप देतात. नव्या गृहसंकुलांची प्रवेशद्वारे, गाडीवाटा आणि बंगल्यांची अंगणे येथे हे तंत्र दिसू लागले.

पावसाची परीक्षा

ठाणे परिसरात वर्षाला सरासरी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बव्हंशी चार महिन्यांत पडतो. कॅलिफोर्नियातील कोरड्या हवेत जन्मलेल्या तंत्राची खरी परीक्षा येथे होते. पारदर्शक लेप दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. न दिल्यास रंग विटतो, दिल्यास ओलाव्यात पृष्ठभाग अधिक निसरडा होतो. सावलीच्या बाजूला शेवाळ धरते. काँक्रीटमधील मुक्त चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि पांढरट थर जमतो. गडद रंगावर तो अधिक उठून दिसतो.

त्याहून मोठी अडचण दुरुस्तीची. आवाराखालून जलवाहिनी, मलवाहिनी आणि विजेच्या तारा जातात. त्यांच्यासाठी खोदाई अटळ असते. पेव्हर ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. अखंड ओतलेले, ठसा उमटवलेले काँक्रीट एकदा फोडले की त्याला पूर्वीचा रंग आणि पोत जुळत नाही, ठिगळ कायमचे दिसत राहते. या परिसरात ठशाचे काँक्रीट प्रवेशद्वारापुरते आणि पेव्हर सर्वत्र, अशी विभागणी का दिसते याचे उत्तर येथे सापडते. ज्या पृष्ठभागाची पुनर्रचना करता येते तोच येथे टिकतो. सारवणाचे आणि शहाबादीचे तत्त्व पेव्हरमध्ये नव्या रूपात जिवंत राहिले आहे.

मात्र पाणी मुरण्याबाबत हे साम्य राहत नाही. १०० चौरस मीटर आवारावर १०० मि.मी. पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी जमा होते. काँक्रीटवरून त्यातील साधारण नऊदशांश, म्हणजे ९,००० लिटर पाणी वाहून जाते. मोकळ्या, मुरणाऱ्या जमिनीवरून हेच प्रमाण तीनदशांश धरल्यास ३,००० लिटर वाहते. फरक ६,००० लिटरचा, तोही एका छोट्या आवाराचा आणि एका जोरदार पावसाचा. पेव्हरच्या सांध्यांतून प्रारंभी काही पाणी झिरपते, परंतु गाळाने सांधे बुजले की तो मार्गही बंद होतो, आणि खाली आधीच काँक्रीटचा थर असेल तर सांध्यांना अर्थच उरत नाही.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या पुराने कल्याण परिसराला मोठा तडाखा दिला. त्या दिवशीचा पाऊस असामान्य होता. सोसायट्यांच्या फरसबंदीमुळे पूर आला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु दरवर्षीच्या सामान्य पावसात रस्त्यांवर साचणारे पाणी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या इमारती, हे दोन्ही दृश्य एकाच शहरात दिसावे याचा संबंध आवारांच्या पृष्ठभागाशी जोडल्यावाचून राहत नाही. तलावांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठाण्याला तरी हा संबंध नवा वाटू नये.

काँक्रीटची किंमत शहराच्या सीमेवरही मोजली गेली. मुंब्रा, डोंबिवली व कल्याण येथील रेतीबंदरांवरून खाडीची रेती बांधकामाला पुरवली जात असे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये रेतीउपशावर निर्बंध आणल्यानंतर दगड भरडून केलेल्या कृत्रिम रेतीचा वापर वाढला. अंगण घडवण्यासाठी पूर्वी शेजारचा मुरूम पुरत असे. आता खाडीचा तळ आणि डोंगराचा उतार दोन्ही लागतात.

निष्कर्ष

१. अंगणाच्या पृष्ठभागातील प्रमुख स्थित्यंतरे अभिरुचीपेक्षा पुरवठ्याशी निगडित आहेत. रेल्वेने शहाबादी फरशी आणली, नियंत्रणमुक्तीने काँक्रीट मुबलक केले.

२. शोभिवंत काँक्रीट प्रायः पूर्वीच्या पृष्ठभागाची नक्कल करते. ठशातून दगड-विटांचा भास निर्माण केला जातो, तर सारवलेल्या अंगणात अलंकार रोज नवा असे.

३. या परिसरात दुरुस्तीस सुलभ असा पृष्ठभागच दीर्घकाळ टिकला. पेव्हरचा प्रसार हे त्याचेच द्योतक होय.

४. सिमेंटमुळे स्त्रियांचे श्रम कमी झाले, ही मोठी सामाजिक उपलब्धी आहे. परंतु त्याबरोबर अंगणाची जबाबदारीही घराकडून ठेकेदाराकडे गेली आणि पाणी मुरवण्याचे काम कोणाचेच राहिले नाही.

मागे जाऊन शेणाचे सारवण पुन्हा सुरू करावे असा याचा अर्थ नाही. गाडीवाटेपुरते काँक्रीट, चालण्याच्या वाटेवर मुरुम-रेतीच्या थरावर बसवलेले ठोकळे, उरलेल्या जागेत ग्रास पेव्हर किंवा माती, आणि आवाराचा उतार गटाराऐवजी शोषखड्ड्याकडे, एवढे नियोजन कोणत्याही सोसायटीला शक्य आहे. आवाराची निविदा काढताना रंग आणि नक्षी यांची निवड सभेत तासभर चर्चिली जाते. पावसाचे पाणी कोठे जाणार, हा प्रश्न त्याच सभेत आधी विचारला गेला, तर अंगणाच्या या दीर्घ इतिहासातील एक तुटलेला धागा पुन्हा जोडला जाईल.